वकील व्हायचंय, मग बीएला कोणता विषय?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ती बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास असे तिचे तीन विषय. दुसऱ्या वर्षात जाताना त्यातला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून निवडायचा आहे. पुढे तिला एलएलबी करायचं आहे. हे मनात आलं ते आत्याकडून वडिलोपार्जित जमिनीचं हक्कसोड पत्र लिहून घेतलं तेव्हा. रजिस्ट्रार ऑफिसात आत्याला तो कागद वाचून दाखवायचं काम हिच्याकडे आलं. तिने वाचला, पण आत्याने विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही. आता कॉलेजातले सर, मामा आणि लॉला गेलेली एक सीनियर, सगळेच सांगतात की वकिली करायची तर राज्यशास्त्रच घे. तिला आवडतं अर्थशास्त्र, पण त्यात गुण कमी पडतात. वडिलांना वाटतं, हिने कॉमर्सच घ्यायला हवं होतं. बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली नाही, शिक्षणही मराठी माध्यमातून झालं, त्यामुळे आपण आधीच मागे पडलो अशी भीती तिला वाटते. तिने शेवटी विचारलंय : चुकीचा विषय घेतला तर कायद्याचा रस्ता बंद होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सरळ आहे. नाही, बंद होत नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पदवी लागते, ती कोणत्याही शाखेची आणि कोणत्याही विषयाची चालते. गुणांची अट खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. 'अमुक विषय असलाच पाहिजे' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पदवीचे गुण तुला दारापर्यंत नेतात. पुढे कोणतं कॉलेज मिळणार हे सीईटीवर ठरतं. आणि त्या सीईटीत असतं काय? कायद्याचं आकलन आणि तर्क, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तार्किक विचार, इंग्रजी. बीएच्या राज्यशास्त्राचे पेपर तिथे फारसे कामी येत नाहीत.

मग सगळे राज्यशास्त्रच का सांगतात? त्यांच्या सांगण्यात तुझ्याबद्दलची काळजी आहे आणि थोडं तथ्यही आहे. घटना, संसद, मूलभूत हक्क हे शब्द दोन्हीकडे येतात. पण एलएलबीला घटनेचा पेपर मुळापासून शिकवतात, तेही निकालांच्या आधाराने. जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ राज्यशास्त्राच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपतो, न्यायालयात तो अजून संपलेला नाही. राज्यशास्त्र घेऊन आलेल्या मुलांना सुरुवातीला थोडं ओळखीचं वाटतं. पुढे करार, मालमत्ता, पुरावा असे विषय सुरू झाले की सगळे एका पातळीवर येतात. वर्षानुवर्षं मी हेच बघत आले आहे. ज्यांचं वाचन पक्कं आणि लिहिणं स्वच्छ, ती मुलं पुढे जातात. ती संस्कृतकडून आली की वनस्पतिशास्त्राकडून, याने फरक पडलेला मला दिसला नाही.

आपल्याकडची जुनी-नवी माणसं आठवून बघ. लोकमान्य टिळक १८७७ साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बीए झाले आणि १८७९ साली एलएलबी. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे मूळचे संस्कृतचे. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. भूषण गवई सरन्यायाधीश झाले, त्यांनी अमरावतीत वाणिज्य शाखेत शिकून मग कायदा केला. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची पहिली पदवी अर्थशास्त्र आणि गणिताची. आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकले होते. त्यांची बॅरिस्टरी त्याच्याच जोडीने झाली. तुला अर्थशास्त्र आवडतं म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. ही मोठी माणसं आहेत, त्यांच्यासारखं व्हायचं ओझं घेऊ नकोस. कायद्याकडे जायला एकच वाट असती, तर हे सगळे तिथे पोचलेच नसते, एवढंच त्यातून घे.

आता तुझ्या आत्याच्या कागदाकडे येते. तू पत्रात तो प्रसंग दोन ओळींत उरकलास, पण मला तुझं उत्तर तिथेच दिसतं.

त्या कागदामागचा कायदा थोडक्यात असा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क होता तो मुलग्यांना. महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलींनाही सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ साली केंद्राची दुरुस्ती आली, ती ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झाली आणि लग्नाची ती अट उरली नाही. तरी एक वाद शिल्लक होता : त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उघडता येत नाहीत. म्हणजे आत्याने सोडला तो नुसता रिवाजाचा मान होता की खरोखरचा हिस्सा, हे यातल्या कोणत्या तारखा तुमच्या घराला लागू होतात त्यावर ठरणार.

हे झालं कायद्याचं. आता तुझे तीन विषय याच कागदावर ठेवून बघ.

इतिहासाची विद्यार्थिनी आधी विचारेल, ही जमीन घरात आली कशी? जुने फेरफार काढले तर पुष्कळ ठिकाणी १ एप्रिल १९५७ ही तारीख सापडते, तो कूळकायद्यातला कृषक दिन, कसणारी कुळं त्या दिवसापासून जमिनीची मालक मानली गेली. आजोबा कूळ होते की मालक, यावर पुढचं सगळं बदलतं. त्याच्याही मागचे कागद मोडी लिपीत असतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली ते तू बातम्यांत पाहिलं असशील. जमिनीच्या दाव्यात मोडी वाचता येणारी वकील दुर्मीळ असते. इतिहासाकडे तुझा ओढा असता तर मी तुला डोळे झाकून मोडीचा वर्ग लावायला सांगितलं असतं. खरं तर मेजर कोणताही घे, मोडी शिकच.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल, १९५६ साली जे राहून गेलं ते का राहिलं? हिंदूंचे विवाह-वारसाचे कायदे बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावर संसदेत काय झालं, बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद का सोडलं, आणि महाराष्ट्राने केंद्राच्या अकरा वर्षं आधी पाऊल कसं टाकलं? कायदा कोणाच्या दबावाने होतो आणि कोणाच्या दबावाने अडतो, हे तिला कळतं. वकिलाला त्याचा उपयोग होतो.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी तिसरीकडून येते. कायद्याने हिस्सा मिळाला तरी बहिणी सह्या का करतात? आत्याने जमीन सोडली त्या बदल्यात तिला काय मिळालं? सणाला बोलावणं, अडीअडचणीला उघडं राहणारं माहेरचं दार, मुलांच्या लग्नात मामाचा आहेर. हे सगळं नातं आहे, आणि तेच तिचं संकटकाळाचं आर्थिक संरक्षणही आहे. ज्या बाईच्या नावावर बँकेत काही नाही, तिच्यासाठी भाऊ दुखावण्याची किंमत जमिनीच्या किमतीहून मोठी ठरू शकते. हायवेजवळची जमीन असेल तर तो हिशेब उलटतो, आणि तिथेच दावे उभे राहतात. कायदा हक्क देतो. तो हक्क वापरणं कोणाला परवडतं हे अर्थशास्त्र दाखवतं.

तिघींना पुढे तोच कायदा शिकायचा आहे. पण वकील म्हणून त्या अशिलाला जे प्रश्न विचारतील, ते वेगळे असतील. म्हणून 'कायद्यासाठी कोणता विषय चांगला' याऐवजी स्वतःला असं विचार : आत्याचा कागद हातात असताना तुझ्या मनात पहिला प्रश्न कोणता आला? कुठल्या विषयाचं पुस्तक परीक्षा नसतानाही तू उघडतेस? तीन वर्षांत तुला त्या विषयात पानंच्या पानं वाचायची आहेत, मुद्दा धरून लिहायचं आहे, दुसऱ्याची मांडणी कुठे कच्ची आहे ते शोधायचं आहे. न आवडणाऱ्या विषयात हे होत नाही, तिथे माणूस गाइड आणतो. गाइडवर झालेली पदवी सीईटीला चालते, पण पुढे पन्नास पानांचा निकाल समोर आला की हात थरथरतात.

गुणांची भीती मी हलकी समजत नाही. पण ती नेमकी कशाची आहे ते बघ. अर्थशास्त्रात पंचावन्न पडले आणि राज्यशास्त्रात पासष्ट, तर लॉच्या प्रवेशाच्या पात्रतेत दोन्ही बसतात. कमी गुण आलेखांमुळे आणि गणितामुळे पडतात, की उत्तरं मोघम होतात म्हणून? गणित असेल तर ते एका सुट्टीत सुधारता येतं. उत्तरं मोघम होत असतील तर तो प्रश्न तुझ्या मागे प्रत्येक विषयात येईल आणि कायद्यातही येईल, तेव्हा तो आत्ताच सोडवायला हवा. सरांकडून तपासलेली उत्तरपत्रिका मागून घे आणि कुठे गुण गेले ते बघ. आणि हो, पदवी ही फक्त लॉची पायरी धरू नकोस. उद्या घरची परिस्थिती बदलली किंवा तुझंच मन बदललं, तर याच पदवीवर एमए, बीएड, बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा अशी दारं उघडी राहायला हवीत. अर्थशास्त्र त्या बाबतीत मुळीच कमी पडत नाही.

वडिलांचं म्हणणंही चुकीचं नाही. जीएसटी, आयकर, कंपन्या, चेक न वटल्याचे कलम १३८ चे खटले, यात ताळेबंद वाचता येणाऱ्या वकिलाला लवकर काम मिळतं. पण त्यासाठी वर्ष वाया घालवून शाखा बदलायची गरज नाही, हिशेब वाचणं पुढेही शिकता येतं. पहिला विषय खरोखर अडवणारं क्षेत्र मला एकच ठाऊक आहे. पेटंट एजंट, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज चालवणारा, म्हणून नोंदणी करायची तर पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी बीएस्सीला असेल आणि 'लॉला जायचं तर सायन्स सोडू का' असा विचार करत असेल, तर सोडू नका. तुमच्या हातात जे आहे ते आर्ट्सवाल्यांना नंतर मिळवता येत नाही.

पाच वर्षांचा कोर्स हुकल्याचं दुःख पत्रभर जाणवतं, म्हणून साधा हिशेब मांडते. आत्ता बीए सोडून पाच वर्षांच्या लॉला गेलीस तर हे एक आणि ती पाच, अशी सहा. बीए पूर्ण करून तीन वर्षांची एलएलबी केलीस तरी तीन आणि तीन, सहाच. वेळ वाचत नाही. उलट बीए केल्यावर तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पदवी असते आणि थांबायचं की पुढे जायचं हे ठरवायची मोकळीक असते. पाच वर्षांच्या कोर्सचे फायदे खरे आहेत : सुरुवातीपासून कायद्याचं वातावरण, जास्त इंटर्नशिप, आणि क्लॅट देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात गेलं तर मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात. बारावीत असलेल्या आणि कायदाच करायचा हे पक्कं असलेल्या मुलांना मी तोच रस्ता सांगेन. तुला आता माघारी वळायला सांगणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्सचं वर्षही लॉसाठी लागत नाही, तीन वर्षांची पदवी पुरते. कोणी 'चौथं वर्ष केल्याशिवाय लॉला घेत नाहीत' म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस.

मराठी माध्यमाबद्दल मात्र तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तू त्याकडे नुसती उणीव म्हणून बघतेस. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर मराठी उत्तम लिहिता-बोलता येणं आणि मराठी-इंग्रजी दोन्हीकडून भाषांतर करता येणं ही अटच आहे. साक्षीदाराच्या बोलण्यातला बारकावा पकडणं, साताऱ्याकडच्या म्हातारीची जबानी नीट उतरवून घेणं, हे इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत. पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, बहुतेक निकाल आणि चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत, आणि सीईटीत इंग्रजीचा भाग चुकत नाही. तेव्हा इंग्रजीला आजपासून रोजचा अर्धा तास दे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआर या त्याच्या ऑनलाइन संग्रहात मोफत वाचता येतात, आणि त्यातल्या काहींची मराठी भाषांतरंही तिथे आहेत. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून एकेक परिच्छेद वाच. विनीता शर्मापासूनच सुरुवात कर. अवघड जाईल, पण तो तुमच्या घरचा विषय आहे, अडखळत का होईना तू तो शेवटपर्यंत नेशील असं मला वाटतं.

आता एक प्रश्न मी तुला विचारते. तुला वकील व्हायचं आहे, की आत्याच्या प्रश्नांची उत्तरं हवी आहेत? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण त्या एकच नाहीत. उत्तरं हवी असतील तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जाता येतं; स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तो कागद आणि सातबारा घेऊन आत्याला तिथे घेऊन जा, अर्थात तिची इच्छा असेल तर. आणि वकील व्हायचं असेल तर त्या आयुष्याचा रोजचा दिवस कसा असतो तो आधी बघ. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं. दिवाळीच्या सुट्टीत कोर्टही बंद असतं, म्हणून कॉलेज नसेल असा एखादा कामाचा दिवस निवड आणि दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात सकाळपासून बस. तारखांवर तारखा, अर्ज, 'साहेब, मुदत मिळावी', मग मध्येच दहा मिनिटांचा असा उलटतपास की मान वर करून ऐकावं. हे बघूनही परत जावंसं वाटलं, तर तुझी आवड खरी आहे.

घरच्यांशी पैशांचं बोलणंही आत्ताच करून टाक. एलएलबीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणीचं शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही. मग ऑल इंडिया बार परीक्षा. मग एखाद्या सीनियरकडे उमेदवारी, जिच्यात पहिली काही वर्षं हाती फार थोडं पडतं. न्यायाधीशाच्या परीक्षेचं स्वप्न असेल तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे, हे धरून चाल. फीचं म्हणशील तर २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तुम्ही त्यात बसता का, हे लॉ कॉलेजच्या कार्यालयात विचारून ठेव. हे आकडे वडिलांसमोर मांडलेस तर त्यांची कॉमर्सची काळजी कुठून येते तेही तुला समजेल. त्यांना तुझ्या पोटापाण्याची चिंता आहे.

माझा कल विचारशील तर मेजर अर्थशास्त्र आणि कॉलेजात सोय असेल तर मायनर राज्यशास्त्र. अर्थशास्त्राबद्दल तू पत्रात 'आवडतं' म्हणालीस, बाकी दोन विषयांबद्दल दुसरे काय म्हणतात तेवढंच लिहिलंस, म्हणून. एक गोष्ट कळली तर मात्र मी मत बदलेन. तुमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारं कायम माणूस नसेल, तासच होत नसतील, आणि राज्यशास्त्राचे सर मनापासून शिकवणारे, लिहिलेलं तपासून परत देणारे असतील, तर राज्यशास्त्र घे. चांगला शिक्षक मिळणं विषयाच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे. फॉर्म भरायच्या आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलींना गाठ आणि एवढंच विचार : तास होतात का, आणि निबंध किंवा प्रकल्प लिहून दिला तर त्यावर कोणी काही लिहून परत देतं का?